भाज्यांचा पाय (pie) तळाला कच्चा राहतो? आधी ब्रेडचे स्लाइस भाजून बघा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवेना. नव्या ओटीजीत (टोस्टर-ग्रिलवाल्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) भाज्यांचा पाय, म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरून भाजायचा पदार्थ, तीनदा केलात, तिन्ही वेळा वरून छान लालसर आणि तळाशी ओली कणीक. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, तुमच्या रेसिपीतच काहीतरी चुकतंय. हेच वाक्य मी सव्वा वर्ष ऐकलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पीठ भिजवणं, भाज्या चिरणं, परतणं हे तुम्हाला येतंय, फोटोत दिसतंच आहे. ते सोडून देते.

माझी चूक अशी झाली की मी त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवला. पाय बिघडला की मी लोणी कमी कर, पाणी कमी कर, मैद्याऐवजी कणीक घे, असं करत राहिले. ओव्हनकडे बघितलंच नाही. सासऱ्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला चौदा माणसं जेवायला होती. मोठ्या हौसेने दोन पाय केले. कापताना सुरी तळाला टेकली की कुरकुर आवाज यायला हवा, तो आला नाही. सुरी बाहेर आली ती पांढऱ्या चिकट लेपासकट. सासऱ्यांनी वरचं वरचं खाल्लं आणि म्हणाले, "भाजी फार छान झालीय गं." मला स्वयंपाकघरात जाऊन रडू आलं.

तोपर्यंत सर्व्हिस सेंटरचा माणूस दोनदा येऊन गेला होता. पहिल्यांदा त्याने ओव्हन सुरू केला, काचेतून वरचा रॉड (तापणारी सळई) लाल झालेला बघितला आणि "चालू आहे मॅडम" म्हणून सही घेऊन गेला. दुसऱ्यांदा थर्मोस्टॅट (तापमान राखणारा भाग) बदलला, पैसे घेतले, फरक शून्य. नंतर फोनवर कुणीतरी सांगितलं की हे मॉडेल केक-बिस्किटांसाठी आहे. केकला खालून आच लागत नाही का? दर वेळी तक्रार नव्याने सांगायची, दर वेळी माणूस वेगळा, आणि या येरझाऱ्यांत वॉरंटी संपली. माझ्याकडे लेखी काहीच नव्हतं, सगळं फोनवर. पैशांनी मोजलं तर ही चूक सगळ्यात महागात पडली.

शेवटी आमच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनने मल्टिमीटर लावला आणि दोन मिनिटांत सांगितलं, खालचे दोन रॉड आहेत, त्यातला एक मेलेला आहे. रॉड बदलला आणि त्याच आठवड्यात, तीच रेसिपी, पाय तळापर्यंत खुसखुशीत झाला.

म्हणून आधी हे करा. ओव्हन १८० अंशांवर, वरखाली दोन्ही रॉड सुरू ठेवून १५ मिनिटं तापवा. जाळी मधल्या खाचेत ठेवून तिच्यावर ब्रेडचे स्लाइस एकमेकांना लागून मांडा. उलटू नका. आठ-दहा मिनिटांनी बाहेर काढून दोन्ही बाजू बघा. माझ्या स्लाइसची वरची बाजू टोस्टसारखी तांबूस होती आणि खालची एका कडेला जेमतेम पिवळसर, बाकी कापसासारखी पांढरी. एवढं बघितल्यावर रेसिपीला दोष द्यायची गरज उरत नाही. दोन्ही बाजू साधारण सारख्या निघाल्या तर ओव्हन ठीक आहे, मग पुढचं वाचा.

एक सांगते, मी इलेक्ट्रिशियन नाही. ओव्हन स्वतः उघडू नका. वॉरंटीत असेल तर बाहेरच्या माणसालाही उघडू देऊ नका, सर्व्हिस सेंटरला वॉरंटी नाकारायला तेवढंच कारण पुरतं. प्लग १६ अँपिअरच्या पॉइंटलाच लावा, एक्स्टेंशन नको. तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं का तेही बघा. २३०च्या जागी २०० मिळालं तर रॉडची उष्णता जवळजवळ पाव हिश्श्याने घटते.

सर्व्हिस सेंटरशी यापुढे फक्त ईमेलवर बोला. स्लाइसचे फोटो, बिल, तारीख, सगळं जोडा. दाद लागली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. ग्राहक आयोगाकडे जायचं झालं तर तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. मी वकील नाही, पण हे मला वेळेवर कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता पायबद्दल. माझं स्पष्ट मत आहे की झटपट पायला लाटणं घेऊच नये. २०० ग्रॅम पिठात (मी १५० मैदा, ५० कणीक घेते) ९० ग्रॅम थंडगार लोणी बोटांच्या टोकांनी चोळायचं. करंजीला आपण कडकडीत मोहन घालतो, इथे नेमकं उलट, सगळं थंड. पीठ कण्यांसारखं दिसलं आणि मुठीत दाबून मुटका वळला की तीन-चार चमचे बर्फाचं पाणी, गोळा होईल इतपतच. मळू नका. गोळा सरळ टिनमध्ये बोटांनी थापा, थालीपीठ थापतो तसा. टिन धातूचा आणि शक्यतो काळा घ्या. काचेच्या भांड्यात तळ उशिरा भाजतो.

थापलेला टिन १० मिनिटं फ्रीजमध्ये. मग काट्याने टोचे, वर बटर पेपर, त्यावर कोरडा राजमा भरून २०० अंशांवर १५ मिनिटं, राजमा काढून आणखी पाच. हे टाळू नका, कितीही घाई असली तरी. तो राजमा नंतर शिजत नाही, वेगळ्या डब्यात ठेवा, वर्षानुवर्षं चालतो.

दुसरा शत्रू भाजीचं पाणी. तुम्ही कोबी आणि दुधी घातलाय, दोन्ही पाणी सोडणारे. किसून मीठ लावा, १५ मिनिटांनी घट्ट पिळा, मगच परता. पिळलेलं पाणी थालीपिठाला वापरा. सारण पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका, गरम सारणाच्या वाफेने भाजलेला तळही मऊ पडतो. भरण्याआधी तळावर दोन चमचे थालिपिठाची भाजणी भुरभुरवा. ती राहिलेला ओलावा पिते आणि चव खमंग येते. सारण बांधायला मी १५० ग्रॅम चक्का, दीड चमचा कॉर्नफ्लोअर आणि चीज घेते. अंडं चालत असेल तर दोन अंडी, ती जास्त छान धरतात. मग १८० अंशांवर अर्धा तास, टिन खालच्या खाचेत.

ओव्हन दुरुस्त होईपर्यंत पाय करायचाच असेल तर सारण भरण्याआधी टिन मंद आचेवर तापलेल्या लोखंडी तव्यावर सहा-सात मिनिटं ठेवा. (फक्त धातूचा टिन, काच अजिबात नको.) माझी आजी कोबीचं भानोळं चुलीवर करायची, खाली निखारे आणि वर झाकणावरही निखारे. दोन्हीकडून आच मिळाली पाहिजे हे तिला पक्कं ठाऊक होतं.

उरलेला पाय मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, झाकण न ठेवता तव्यावर करा.

स्लाइसच्या दोन्ही बाजूंचे फोटो इथे टाका आणि टिन कशाचा आहे तेही लिहा, मी बघून सांगते.