कार्डाचं दार लागेना

प्रश्न : ताई, आईबाबांच्या लग्नाला २५ वर्षं होतायत म्हणून मधोमध दारासारखं उघडणारं कार्ड करतेय. जाड ए-४ घेतला, झडपांवर पैठणीच्या मोराचा रंगीत कागद डिंकाने चिकटवला. घड्या तडकल्या, झडपा एकमेकींवर चढल्या, मोराच्या मानेला सुरकुत्या पडल्या. कुठे चुकलं?
— एक वाचक, परभणी

उत्तर : तुझा हात वाईट नाही गं, कागद आडवा लागलाय. यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेने निजलेले असतात. तयार ए-४ मध्ये ते बहुधा लांबीकडे जातात आणि तुझ्या घड्या नेमक्या त्यांना आडव्या. दुकानातून मोठी शीट आण आणि आधी लांबीत, मग रुंदीत हलकेच वाकवून बघ. ज्या बाजूने मुकाट वाकेल तीच घडीची बाजू. त्या हिशेबाने, घडीची रेघ २१० च्या बाजूला समांतर येईल असा २९७ बाय २१० मिलिमीटरचा तुकडा काप. स्टीलपट्टीला टेकवून संपलेल्या रिफिलीने रेघ ओढ, मगच घडी घाल.

आता झडपा. २९७ चा पाव भाग ७४.२५ येतो, पण कागदाला जाडी असते ना! दोन्हीकडून ७४ वरच घडी घाल, मध्ये १ मिलिमीटर फट राहील. भावाच्या साखरपुड्याला मी हिशेबाने तंतोतंत कार्ड केलं होतं. लातूरला निघायच्या आदल्या रात्री दार लागेना. कात्रीने कड तासली, ती तिरकी गेली. वहिनी अजून पाहुण्यांना ते कार्ड काढून दाखवते.

मोर आधी अख्खाच बंद कार्डावर ठेव, फट कुठे येते तिथे खूण कर आणि कापून दोन्ही अर्धे वेगवेगळे चिकटव. चीर पिसाऱ्यातून जाऊ दे, मानेतून नको. पातळ डिंक तर विसरच. त्यातल्या पाण्याने कागद फुगतो, वाळताना गोळा होतो. ग्लू-स्टिक घे, मधून कडेकडे पुसत जा, रात्रभर जाड वह्यांखाली ठेव.

दौलताबादहून खुलताबादला जाताना कागजीपुरा लागतं. तिथला हातकागद मिळाला तर झडपांवर लावून बघ. चाळणीवर उचललेल्या कागदात तंतू चहूकडे पसरतात, त्यामुळे आडव्या-उभ्याची भानगड फारशी नाही. मात्र जाड असेल तर घडी त्यात घालू नकोस, वरूनच लाव.

आणि कार्ड बांधायला रेशमी दोरा घे, रबर नको. आपल्याकडच्या मे महिन्यात ते नरम पडून कागदालाच चिकटतं.