चौदा हजारांची बॅग, तीही हप्त्यांवर?

इंदूरच्या सुदामा नगरातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय 54, शाळेत नोकरी. नर्मदा परिक्रमा सलग जमणार नाही, म्हणून दर वर्षी दिवाळीनंतर 12 दिवस, अशी पाच वर्षं टप्प्याटप्प्यानं चालायचं त्यांनी ठरवलंय. सुरुवात ओंकारेश्वरहून. 65 लिटरची परदेशी बॅग 14,000 रुपयांना, 12 महिन्यांच्या 'नो कॉस्ट' हप्त्यांवर मिळतेय. साधी बॅग 2,200 ला आहे. भाचा तर स्वतःची फुकट देतोय. महिन्याला 9,000 शिल्लक पडतात, घरखर्च 35,000 आणि अडीअडचणीसाठी 40,000 बाजूला आहेत.

ताई, आधी हप्त्यांचं बघू. 'नो कॉस्ट'मध्ये व्याज असतंच, दुकान तेवढी सूट देऊन ते झाकतं. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी मात्र तुमच्याच कार्डावर पडतो, वर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरही जीएसटी. व्याज सालीना 15 टक्के आणि फी 199 धरली, तर सव्वाचारशे रुपये जास्तीचे जातात. रक्कम मोठी नाही. पण रोख घेतली तर किंमत किती कमी कराल, हे दुकानदाराला विचारलंत का? खरी 'कॉस्ट' बहुतेक वेळा तिथे लपलेली असते.

आता 65 लिटर. एवढी बॅग तंबू, स्टोव्ह, शिधा पाठीवर घेणाऱ्यांसाठी. परिक्रमेत मुक्काम आश्रमात नाहीतर धर्मशाळेत, जेवण सदावर्तात. दोन जोड कपडे, अंथरूण-पांघरूण, औषधं आणि पाणी, एवढं 40 लिटरमध्ये आरामात बसतं. दुकानदार 'बड़ा ले लो, काम आएगा' म्हणणारच. पण मोठी बॅग रिकामीच दोन किलोंच्या आसपास भरते, आणि जागा दिसली की आपण ती भरतोच. प्रवासाला निघताना आम्हा मराठी माणसांचा चिवड्याचा डबा काही मागे राहत नाही. सगळं मिळून सात-आठ किलोंच्या वर जाऊ नका.

2,200 वाली बॅग मला 14,000 वालीइतकीच महाग वाटते. तिला पाठीचा सांगाडा नाही आणि कंबरपट्टा म्हणजे नुसती पातळ फीत, असं तुम्हीच लिहिलंय. वजनाचा मोठा भाग कमरेच्या हाडांवर यायला हवा, तो खांद्यांवर आला की तिसऱ्या दिवशी मान धरते. टप्पा अर्धवट सोडून टॅक्सीनं इंदूरला परतलात तर ते भाडंही बॅगेच्याच खात्यात मांडा.

भाच्याची बॅग फुकट खरी, पण तो उंच असेल तर तुमच्या पाठीला ती बसायची नाही. मान खाली घातल्यावर तळाशी जे हाड वर येतं, तिथून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत टेपनं मापून घ्या. बॅग या मापाची हवी, माणसाच्या उंचीची नव्हे.

तेव्हा पाच-सहा हजारांची, सांगाडा आणि जाड कंबरपट्टा असलेली 40 लिटरची बॅग घ्या, रोखीनं. 5,500 भागिले पाच वर्षांचे मिळून 60 दिवस, रोजचे 92 रुपये. 14,000 वालीचे 233 होतात. पैसे एका महिन्याच्या शिलकीतून द्या. त्या 40,000 ना हात लावायचा नाही, ते सव्वा महिन्याचाही खर्च नाहीत. ते आधी तीन महिन्यांचे, म्हणजे 1,05,000 व्हायला हवेत. त्याच महिन्यात उरलेल्या 3,500 मधून बूट घ्या, संध्याकाळी जाऊन, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात.

दुकानात जाताना पाच किलो आट्याचं पाकीट आणि पाण्याच्या दोन बाटल्या बरोबर न्या. बॅगेत भरा, आधी कंबरपट्टा आवळा, मग खांद्याचे पट्टे, आणि वीस मिनिटं तिथेच फिरा. लाजू नका. बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्या, आणि ती संपायच्या आत एका रविवारी भरलेली बॅग घेऊन इंदूरजवळची रालामंडलची टेकडी चढून या. खांद्यावर लाल वळ उठले, तर सोमवारी बॅग परत.