स्टारला पैसे द्यावेत का? द्या, पण आधी कराराची तारीख बघा

तुमच्या बास्केटबॉल संघाच्या स्टारला तो मागतो तेवढे पैसे देऊन ठेवावं का, हा तुमचा प्रश्न वाचला आणि आमचा तो हंगाम डोळ्यांपुढे आला. आमच्याकडेही असंच होतं: संघाचा सगळ्यात चांगला गार्ड (चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा खेळाडू), करार हंगामाअखेर संपणार, मागणी जवळपास दुप्पट आणि कमिटीत दोन तट. मी सहा वर्षं एका क्लबच्या बास्केटबॉल संघाचे व्यवहार सांभाळले आहेत. वकील नाही, त्यामुळे कराराची भाषा जाणकाराकडून तपासून घ्याच.

माझं मत आधीच सांगतो: झेपत असेल तर द्या. या खेळात कोर्टवर पाचच जण असतात आणि स्टार जवळजवळ पूर्ण सामना खेळतो. तेवढ्याच पैशांत दोन बरे खेळाडू येतील हा कमिटीचा हिशेब कागदावर जुळतो, पण त्या दोघांना जागाही दोन लागतात.

आमचं नुकसान मात्र पैशांनी नाही, थांबण्याने केलं. आमचा तो गार्ड हंगामाच्या मध्यावर स्वतःहून बोलायला आला होता. मी नोंदणी कार्यालयात विचारलं, तर उत्तर मिळालं, 'नूतनीकरणाचे अर्ज हंगाम संपल्यावरच.' मी त्याचा अर्थ बोलणीही नंतरच असा घेतला. माझी सगळ्यात मोठी चूक ती. लेखी नियम मागायला दोनदा गेलो. एकदा साहेब रजेवर, एकदा 'पुढच्या आठवड्यात या'. कागद हातात आला तेव्हा कळलं की मुदत फक्त अर्जाला होती, आपसात करार वाढवायला कधीच आडकाठी नव्हती. तोवर करार संपला, मुलगा दुसरीकडे गेला आणि आम्हाला ट्रान्सफर फीसुद्धा (खेळाडू सोडताना दुसऱ्या क्लबकडून मिळणारी रक्कम) मिळाली नाही. एक पानाचा नियम दाखवायला इतके महिने का लागावेत? अजून आठवलं की संताप होतो.

म्हणून तुमच्या कमिटीला एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या ओक्लाहोमा सिटी संघाचं उदाहरण सांगा. २०१२ मध्ये एनबीएची फायनल खेळल्यावर त्यांचं त्यांच्याच गार्डशी, जेम्स हार्डनशी, कराराच्या रकमेवर जमलं नाही. त्यांनी त्याला ह्यूस्टनच्या संघाला दिलं आणि २०१८ मध्ये तो एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, झाला. २०१६ मध्ये त्यांचा स्टार केव्हिन ड्युरँट करार संपवून गेला, बदल्यात शून्य. २०१९ मध्ये त्यांच्या पॉल जॉर्जने जायचं म्हटलं तेव्हा मात्र त्याचा करार शिल्लक होता, म्हणून त्याला घेणाऱ्या क्लिपर्स संघाकडून शे गिल्जस-अलेक्झांडर हा खेळाडू आणि पहिल्या फेरीचे पाच ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडायचे हक्क) मिळाले. त्यातल्याच एका पिकवर पुढे जेलन विल्यम्स आला, आणि २०२५ मध्ये हे दोघं विजेत्या संघात होते. जाणारा स्टारसुद्धा करार चालू असेल तरच काही देऊन जातो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. वॉशिंग्टनने २०१७ मध्ये आपल्या गार्डला, जॉन वॉलला, चार वर्षांचा, सुमारे १७ कोटी डॉलरचा वाढीव करार दिला. तो लागू व्हायच्या आधीच टाचेची शस्त्रक्रिया आणि मग अकिलीसची (टाचेमागच्या शिरेची) दुखापत झाली. त्या करारात तो वॉशिंग्टनसाठी एकही सामना खेळला नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये त्याला ह्यूस्टनला पाठवलं. गार्डचा खेळ वेगावर चालत असेल तर तिशीनंतरची वर्षं महाग पडतात. तुमच्या खेळाडूचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. पंचवीस-सव्वीस असेल तर तीन वर्षं द्या, एकतीस-बत्तीस असेल तर मी दोनाच्या पुढे जाणार नाही. सहीआधी वैद्यकीय तपासणी तुमच्या डॉक्टरकडून करा, त्याच्या एजंटने आणलेल्या रिपोर्टवर भागवू नका.

झेपणं म्हणजे काय, तर त्याचे पैसे दिल्यावरही रिबाउंड (बास्केट हुकल्यावर परत येणारा चेंडू) घेणारा एक सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, आणि बाहेरून शूट करणारे दोघे परवडले पाहिजेत. नाहीतर समोरचा संघ त्याच्यावर दोन-दोन माणसं लावेल आणि त्याने दिलेला पास घेऊन बास्केट करणारं कोणी नसेल. एनबीएमध्येही दहा वर्षं खेळलेल्याचा कमाल पगार सॅलरी कॅपच्या (संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेच्या) ३५ टक्क्यांपासून सुरू होतो, उरलेल्यात बाकी सगळे बसवावे लागतात. आमच्या क्लबात मी चाळीस टक्क्यांच्या वर जाऊ दिलं नसतं. तुमच्याकडे कदाचित वेगळं गणित असेल.

आणखी एक, बाकीच्या खेळाडूंना आकडा बाहेरून कळू देऊ नका. कोचने आधी कॅप्टनला बसवून सांगावं. आमच्याकडे नुसत्या अफवेवर दोघांनी सराव बुडवला होता.

आज काय करायचं विचाराल, तर करार कोणत्या तारखेला संपतो ते बघा आणि नूतनीकरणाचा नियम लेखी मागा, ईमेलवर, म्हणजे उत्तर नाही आलं तरी तुम्ही विचारल्याची नोंद राहील. त्या उत्तरासाठी बोलणी मात्र थांबवू नका. खेळाडूला याच आठवड्यात भेटा.