नवा इंडो डॅट मासा काळा पडलाय, चार दिवस खात नाही. टाकी तीन फुटी, सोबत दोन ऑस्कर मासे, लाइट रोज दहा तास. मीठ घालू का?

नको. औषधही घालू नका, कारण तुम्ही सांगितलेल्यात रोगाचं एकही लक्षण नाही. डॅटनिऑइड्स गटातला, म्हणजे डॅट नावाने विकला जाणारा कुठलाही मासा बिथरला की पट्ट्यांमधला पिवळा भाग गडद होतो आणि मासा कोळशासारखा दिसतो. कारण शोधायचं ते पाण्यात आणि शेजाऱ्यांत.

आधी पाण्यातली अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना विषारी द्रव्यं मोजा. दोन्ही शून्य हवेत. थोडं जरी दिसलं तरी रोज 25 टक्के पाणी बदला, नळाच्या पाण्यात अँटीक्लोरीन टाकूनच. तापमान 26 ते 28 अंश. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा. नाहीतर त्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि अमोनिया पुन्हा चढतो.

दहा तास लाइट फार झाला. दोन दिवस पूर्ण बंद ठेवा आणि एक जाड लाकूड उभं लावा. बुडालेल्या फांद्यांआड स्थिर राहून भक्ष्य टिपणारा हा मासा, उघड्या टाकीत त्याला चैन पडत नाही. ते दोन ऑस्कर मात्र आजच वेगळे करा. ते याला घासाजवळ फिरकू देणार नाहीत.

चार दिवसांच्या उपासाने काही बिघडत नाही. संध्याकाळी अंधुक उजेडात जिवंत बारीक कोळंबी सोडा. ती घेऊ लागला की सोललेल्या कोळंबीचा तुकडा चिमट्याने हलवत द्या, मग त्याच तुकड्यात पेलेट, म्हणजे कोरड्या खाद्याची गोळी, खोचून. न खाल्लेलं दहा मिनिटांत उचला. गोल्डफिश खायला घालू नका. त्यातल्या थायमिनेज या विकरामुळे (एन्झाइम) बी-1 जीवनसत्त्व नष्ट होतं, शिवाय रोग येतात.

मिठाचा सल्ला येतो तो नावाच्या गोंधळातून. सिल्व्हर डॅट, म्हणजे शास्त्रीय नावाने पोलोटा, गंगेच्या मुखापासून न्यू गिनीपर्यंत खाडीच्या मचूळ पाण्यातही राहतो. तुमचा इंडो, म्हणजे मायक्रोलेपिस, बोर्निओ-सुमात्राच्या नद्यांतला. त्याला गोडंच पाणी.

तीन फुटी टाकी मात्र पुरणार नाही. हा 45 सेंमीपर्यंत वाढू शकतो, पुढे किमान 6 बाय 2 फूट लागेल. तेवढी जागा होणार नसेल तर लहान आहे तोवरच दुकानदाराला परत द्या. आणि अंगावर पांढरे ठिपके आले किंवा पाणी ठीक असूनही कल्ले भरभर हलत राहिले, तर फोटो टाका. तेव्हा औषधाचं बोलू.