डॉक्टरांसमोरच चढणारं बीपी

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : माझं वय ५८. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी बीपी बघितलं, १६४/९८. आठवड्यानं पुन्हा गेलो, १६०/१००. त्यांनी गोळी लिहून दिली. मी मशीन विकत आणलं, तर घरी १२६/८०, १२२/७८ असंच येतं. सौद्याच्या वेळी लाखांची उलाढाल असते, तेव्हा मला काही होत नाही. दवाखान्यात दंडाला पट्टा बांधला की छाती धडधडते. बायको म्हणते गोळी घ्या. भाऊ म्हणतो, एकदा सुरू केली की जन्माची. गोळी आणून ठेवली आहे, घेतलेली नाही. मशीन चुकतंय की डॉक्टर? घरचे आकडे सोबत पाठवले आहेत.
– एक वाचक, सांगली

उत्तर : कदाचित दोघांपैकी कुणीच चुकत नसेल. दवाखान्यात बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर आणि घरी नीट मोजल्यावर सरासरी १३५/८५ च्या आत, याला व्हाइट कोट हायपरटेन्शन म्हणतात, म्हणजे डॉक्टरांचा पांढरा कोट दिसला की चढणारं बीपी. मी साडीवरच ओपीडी करते, तरी माझ्यासमोरही लोकांचं चढतंच. १९८८ मध्ये न्यूयॉर्कला थॉमस पिकरिंग यांच्या गटानं २९२ लोकांना दिवसभर बीपी मोजणारं यंत्र लावलं होतं. दवाखान्यात बीपी थोडं वाढलेलं आणि औषध सुरू न केलेलं, असे हे लोक. त्यातल्या २१ टक्के लोकांचं दिवसभराचं बीपी नॉर्मल निघालं. म्हणजे तुम्ही एकटे नाही, आणि भित्रेही नाही.

हे चढतं कसं, ते त्याआधी १९८३ मध्ये इटलीत मिलानच्या जुझेप्पे मान्चिया आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. दाखल असलेल्या रुग्णांच्या धमनीत बारीक नळी घालून त्यांचं बीपी अखंड नोंदवलं जात होतं, आणि मध्येच डॉक्टर पट्टा घेऊन खाटेपाशी यायचे. ते आले की पहिल्या चारेक मिनिटांत वरचं बीपी सरासरी २७ नं आणि खालचं १५ नं चढायचं. दहा मिनिटं गेली की बरंचसं उतरायचं. पुढे हेच काम नर्सनं केलं तेव्हा चढ साधारण निम्माच भरला. तुम्ही हिशेबी माणूस, लगेच १६४ मधून २७ वजा करून मोकळे व्हाल. तसं करू नका. ती सरासरी आहे. त्यात कुणाचं जेमतेम चढलं होतं, कुणाचं भरमसाट. तुमचं किती चढतं ते तुमचंच मोजून कळणार.

आणि सौद्यात काही होत नाही, हे कशावरून? दंडाला पट्टा बांधून कधी बोली लावली आहे का? बीपी वाढलेलं आतून कळत नाही, ही या दुखण्याची खरी खोड. एवढं मात्र खरं की सौद्यात तुम्ही मालक असता. दवाखान्यात समोरचा माणूस काय सांगतोय याची वाट बघत बसता. त्या वाट बघण्यानं अॅड्रेनलिन सुटतं, ठोके वाढतात, बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि आकडा वर जातो. ठरवून थांबवता येत नाही. ‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगून तर मुळीच थांबत नाही.

आता तुमच्या आकड्यांकडे येते. अडतीच्या हिशेबपट्टीच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही पाच नोंदी लिहून पाठवल्यात. पाचही रात्री दहानंतरच्या, जेवून आडवं झाल्यावरच्या. त्यातल्या एका रात्री १३८/८८ लिहून खोडलंय आणि शेजारी १२४/८० लिहिलंय. खोडलेलं मला वाचता आलं. असं बहुतेक जण करतात. माझ्याकडे येणाऱ्या वह्यांत खाडाखोड असते ती नेमकी मोठ्या आकड्यांवरच. पण रात्री निजताना बीपी तसंही उतरायला लागलेलं असतं. त्या वेळच्या पाच आकड्यांवर निकाल देणं म्हणजे एक हळकुंड मोडून अख्ख्या लॉटचा भाव लावणं. दवाखान्यातल्या दोन आकड्यांनाही हेच लागू आहे, हे तुमच्या बाजूनं सांगते.

तेव्हा सात दिवस असं करा. सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन या. चहा, तंबाखू, नाष्टा यांच्या आधी मोजायचं. पाठीला टेका असेल अशा खुर्चीत बसा. पाय जमिनीवर टेकलेले, मांडी किंवा तिढा नको. हात टेबलावर ठेवा, दंड छातीच्या पातळीला येऊ द्या. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, सदऱ्याच्या बाहीवर नाही. बाही वर सरकवून तिचा पीळ दंडाला आवळत असेल तर सदरा काढा. मग पाच मिनिटं गप्प बसायचं. गप्प म्हणजे फोनवर हळदीचा दरही विचारायचा नाही, कारण बोलण्यानंच आकडा दहाएक अंकांनी वर जातो. एक आकडा घ्या, मिनिटभर थांबून दुसरा घ्या, दोन्ही लिहा. संध्याकाळी जेवणाआधी पुन्हा तसंच. सात दिवसांचे २८ आकडे होतील. पहिल्या दिवसाचे चार सोडून द्यायचे, कारण तेव्हा मशीनचीच धास्ती असते. उरलेल्या २४ ची सरासरी काढा. अडत्याला सरासरी शिकवायला नको. खाडाखोड करायची नाही, आणि डोकं जड वाटलं म्हणून मध्येच उठून मोजायचं नाही. घाबरून मोजलं की वाढलेलं दिसतं, ते बघून आणखी वाढतं.

मशीन दंडावरचं आहे ना? मनगटावरचं असेल तर हात जरा वर-खाली झाला तरी आकडा बदलतो. आणि तुमचा दंड जाड असेल तर पट्ट्याचं माप बघा. लहान पट्टा बीपी जास्त दाखवतो, मग ते घर असो की दवाखाना. पुढच्या खेपेला मशीन सोबत न्या आणि डॉक्टरांच्या मशीनशी ताडून बघा.

सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर तुमचं बीपी खरोखरच वाढलेलं आहे, आणि डॉक्टरांची गोळी योग्य आहे. कमी आली तर ती वही डॉक्टरांसमोर ठेवा. ते कदाचित २४ तासांचं बीपी यंत्र लावायला सांगतील. पट्टा दंडाला, डबी कमरेला. दिवसा साधारण अर्ध्या अर्ध्या तासानं तो आपोआप फुगतो, तेव्हा हात सैल सोडून स्तब्ध राहायचं. रात्रीही फुगतो, त्यामुळे झोपेची थोडी वाट लागते. पण झोपेत बीपी उतरतं की नाही हे दुसऱ्या कशानंच इतकं नीट समजत नाही. त्यात २४ तासांची सरासरी १३०/८० च्या आत असावी लागते.

इथं बरेच लोक पेढे वाटायला निघतात. थांबा जरा. २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा असं दिसलं की औषध न घेणाऱ्या व्हाइट कोटवाल्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघात, दवाखान्यात आणि घरीही नॉर्मल असणाऱ्यांपेक्षा सुमारे ३६ टक्क्यांनी जास्त होते. कायम बीपी वाढलेल्यांइतका हा धोका नाही, पण शून्यही नाही. शिवाय यातल्या बऱ्याच जणांचं बीपी पुढच्या काही वर्षांत घरीही वाढायला लागतं. म्हणून साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन आणि ईसीजी एकदा करून घ्या. हृदयावर किंवा किडनीवर परिणाम दिसला, किंवा मधुमेह निघाला, तर घरच्या छान आकड्यांवर विसंबून चालत नाही. सगळं नीट असेल तर गोळीविना राहता येतं, पण सात दिवसांची ही वही दरवर्षी लिहावी लागेल. ज्यांना गोळी आधीच चालू आहे आणि फक्त डॉक्टरांसमोर चढतं, त्यांच्यात मात्र हा जादा धोका त्या अभ्यासात दिसला नव्हता. अशांची गोळी दवाखान्यातल्या आकड्यावर वाढवत नेली की घरी बीपी फार उतरतं आणि न्हाणीघरात चक्कर येऊन माणूस पडतो. उतारवयात ते बीपीपेक्षा महागात जातं.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: गुडघे. दुखण्यावर काय घेता? डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि बीपी चढवतात, किडनीलाही त्रास देतात. मेडिकलमधून परस्पर आणून रोज घेत असाल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. बाकी मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात स्वयंपाकातलंही आलं. आपल्याकडे भाकरीबरोबर खर्डा, वर लोणचं, चारला गादीवर भडंग; चमचा दुपारीच संपतो. भडंग सोडा म्हणणार नाही, सांगलीत कोण ऐकेल! पण रोजचं ते आठवड्यावर आणा. वजन थोडं उतरलं तर बीपीला आणि गुडघ्यांना दोन्हीकडे फायदा. हे पी हळद अन् हो गोरी असं होत नाही, महिने लागतात.

भावाला सांगा, गोळी जन्माची नसते, बीपी जन्माचं असतं. वजन आणि मीठ उतरल्यावर काहींची गोळी कमी होते, क्वचित बंदही होते, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तुम्हाला सध्या काही त्रास नाही, तेव्हा आठवडाभर मोजून मग ठरवू, असं डॉक्टरांना फोन करून सांगा. न सांगता गोळी कपाटात ठेवू नका. ते धरून चालतील की तुम्ही घेताय, आणि पुढच्या खेपेला डोस वाढवतील. एक अपवाद: बीपी १८०/१२० किंवा वर आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, हात-पाय लुळा पडणं असं काही असेल तर वही-बिही बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठा. नुसता आकडा तेवढा आला आणि त्रास काही नसेल तर शांत बसून पुन्हा मोजा. तरी तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणि दवाखान्यात जिना चढून आल्या आल्या दंड पुढे करू नका. आधी बसा. कंपाउंडर किंवा सिस्टरांना मोजायला सांगा, दोन-तीनदा, मध्ये थोडा वेळ सोडून. डॉक्टरांना राग येत नाही. आला तर मला कळवा.

प्रश्न : माझ्या मिस्टरांचं उलटं आहे. वय ४४, साखर कारखान्यात शिफ्टची नोकरी. डॉक्टरांकडे १२८/८२, पण सासूबाईंच्या मशीनवर संध्याकाळी १४६/९४ दिसतं. डॉक्टर म्हणतात काही नाही. ते तंबाखू खातात.
– एक वाचक, कराड

उत्तर : हे वरच्या गृहस्थांपेक्षा जास्त काळजीचं आहे, आणि तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. दवाखान्यात नॉर्मल आणि घरी किंवा कामावर वाढलेलं, याला लपलेलं बीपी म्हणू. याचा धोका कायम बीपी वाढलेल्यांच्या जवळपास जातो, आणि डॉक्टरांच्या कागदावर ‘नॉर्मल’ लिहिलेलं असल्यानं कुणी उपचार करत नाही. तंबाखू, दारू, शिफ्ट, मधुमेह असलेल्या पुरुषांत ते बरंच आढळतं. वर सांगितलेली सात दिवसांची पद्धत त्यांनाही वापरा. रात्रपाळी असेल तर घड्याळ बघू नका, झोपून उठल्यावर मोजा. तंबाखूची चिमूट तोंडात असताना किंवा नुकतीच थुंकून मोजू नका. अर्धा तास जाऊ द्या. सरासरी १३५/८५ च्या वर आली तर वही घेऊन तुम्हीही सोबत जा. पुरुष माणसं एकटी गेली की वही घरी विसरतात. ते जोरात घोरतात का, झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. होत असेल तर डॉक्टरांना तेही सांगा, झोपेतल्या त्या अडथळ्यानं बीपी वाढतं.

प्रश्न : मी मिरजेत गाणं शिकवते. आवाजासाठी दिवसभर ज्येष्ठमधाची काडी तोंडात असते. अलीकडे बीपी घरीही १४४/९० येतं. याचा संबंध असेल का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : असू शकतो, नक्की. ज्येष्ठमधात ग्लिसरायझिन असतं. ते रोज बऱ्याच प्रमाणात पोटात गेलं तर शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम बाहेर टाकतं आणि बीपी चढतं. पायात गोळे येणं, अशक्तपणा वाटणं हेही त्यातलंच. काडी आजपासून बंद करा, गळ्यासाठी कोमट पाणी आणि वाफ पुरे. रक्तातलं पोटॅशियम तपासून घ्या आणि डॉक्टरांना ज्येष्ठमधाचं आवर्जून सांगा, कारण ते स्वतःहून विचारतीलच असं नाही. परिणाम ओसरायला दोनेक आठवडे लागू शकतात. त्यानंतर सात दिवसांची वही लिहा आणि आकडे मला पाठवा.