महिनाअखेरीस धान्य संपतं, गोळी चालूच राहते, त्याबद्दल

घरकाम करणाऱ्या आईच्या मधुमेहाबद्दलच्या तुमच्या पोस्टमध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या परिच्छेदांत आहेत: आईला शेवटच्या आठवड्यात सकाळी अकराच्या सुमारास घाम सुटतो, हातपाय थरथरतात, आणि त्याच आठवड्यात घरात दिवसातून एकदाच शिजतं. डॉक्टरांना तुम्ही फक्त पहिली सांगितली आहे. आमच्या घरीही हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहावंसं वाटलं. मी डॉक्टर नाही. यातलं वाचून डोस मनाने बदलू नका.

पथ्याचं सगळं तुम्हाला माहीत असेल, ते सोडू. मुद्दा गोळीचा आहे. आईच्या गोळीच्या पाकिटावर ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तीन नावं आहेत. मेटफॉर्मिन एकट्याने शुगर सहसा फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड मात्र पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. सकाळी गोळी घेऊन नुसत्या चहावर कामाला गेलं की अकराला शुगर कोसळू शकते.

आम्हाला सगळ्यात महाग पडली ती एका ओपीडीची पद्धत. तारीख नेहमी महिन्याच्या सुरुवातीची, म्हणजे रेशन नुकतंच आलेलं, दोन्ही वेळा भरपूर भात. रिपोर्ट जास्त यायचा, डोस वाढायचा. तोच वाढलेला डोस शेवटच्या आठवड्यात उपाशी पोटावर पडायचा. एचबीए१सी ही रक्ततपासणी म्हणजे शुगरची साधारण तीन महिन्यांची सरासरी असते, त्यात हे खड्डे दिसत नाहीत. घरात धान्य किती दिवस पुरतं, हे तिथे कुणी कधीच विचारलं नाही. वर हातात ओट्स आणि सफरचंदाचा तक्ता. ज्या घरात तूरडाळ मोजून शिजते तिथे असा तक्ता देणं मला आजही चीड आणतं.

म्हणून महिनाभर वहीत चार रकाने करा: तारीख, काय आणि किती वाजता खाल्लं, गोळी कधी घेतली, त्रास किंवा शुगर. रेशन आणलं तो दिवस आणि संपलं तो दिवस ठळक लिहा. डॉक्टरांना 'जेवण वेळेवर होत नाही' असं सांगू नका, त्यावर फक्त ओरडा मिळतो. 'शेवटचे आठ दिवस घरात एकदाच शिजतं' असं सरळ सांगा आणि विचारा: जेवण चुकेल त्या दिवशी कोणती गोळी घ्यायची नाही? उत्तर केसपेपरवर लिहून घ्या. इन्सुलिन चालू असेल तर ते आपल्या मनाने अजिबात बंद करायचं नाही. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी असेल तर उपासमारीचा उल्लेख हवाच. शुगर फार न वाढताही त्यात रक्तातलं आम्ल वाढू शकतं.

थरथर सुटली आणि शुगर ७० च्या खाली असली (यंत्र नसेल तर लक्षणांवरच) तर एरवी तीन चमचे साखर पाण्यातून देतात. पण तुमच्या आईला व्होग्लिबोज आहे! त्या गोळीमुळे साधी साखर पोटात लवकर फुटत नाही. तिच्या पिशवीत ग्लुकोज पावडरच ठेवा. १५ ग्रॅम पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा बघायचं, बरं वाटलं की भाकरी किंवा पोळी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

जेवणाचं थोडक्यात: रेशनचा तांदूळ नुसता खाण्यापेक्षा दोन वाट्या तांदळाला एक वाटी मसूर किंवा मटकी घालून खिचडी करा. डाळीचे पैसे पहिल्या आठवड्यातच बाजूला काढा, शेवटी ते उरत नाहीत. शेवग्याचा पाला, तांदुळजा, घोळ जिथे मिळेल तिथे घ्या. कामाच्या वाटेवर शिवभोजन केंद्र चालू असेल तर १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात मिळतो; चपात्या, भाजी, वरण आधी, भात शेवटी आणि थोडा.

गोळ्या दुकानातून घेत असाल तर थांबा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, महिन्याच्या गोळ्या तिथे मागा. नसतील तर जनऔषधी दुकान. वाचलेले पैसे डाळीत जाऊ देत.

आणि रेशन कार्डावर आईची ई-केवायसी झाली आहे का ते याच आठवड्यात बघा. घरकाम करणाऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजतात, मशीन घेत नाही आणि दुकानदार परत पाठवतो. अशा वेळी १९६७ वर तक्रार करून तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून ठेवा.