होलसॉचे दात दुसऱ्याच भोकाला गेले? ब्रँड बदलू नका, आधी स्पीड बघा

चिंचोळी एमआयडीसीत पॅनेलच्या ३ मिमीच्या ग्लँड प्लेटला (जिथून केबली आत जातात ती प्लेट) २५ मिमीचं भोक मारताना नवा बायमेटल होलसॉ (ड्रिलला लावायचा गोल कटर, अंग साध्या स्टीलचं आणि दात हायस्पीड स्टीलचे) दुसऱ्याच भोकाला बोथट झाला, दुकानदार तुमच्या ड्रिलला नावं ठेवतोय, आता कोणता ब्रँड घेऊ, असा तुमचा प्रश्न आहे. ब्रँड राहू द्या. धूर येत होता आणि निळसर भुकटी पडत होती, हे तुम्हीच लिहिलंय. उत्तर त्यातच आहे.

साधं इम्पॅक्ट ड्रिल मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतं. २५ च्या कटरला माइल्ड स्टीलमध्ये साडेतीनशे फेरे पुरतात, स्टेनलेसला त्याच्या निम्मे. ५१ चा असेल तर माइल्ड स्टीललासुद्धा १७० च. दात हायस्पीड स्टीलचे असले तरी एवढ्या वेगात जळतातच. दोन गिअरचं ड्रिल घ्या, पहिल्या गिअरवर ठेवा, हॅमर बंद. दातांना कटिंग ऑइल लावा आणि नीट रेटा. नुसतं घासत राहिलं तरी दात जातात. कीस वेटोळा पडला की समजा जमलं.

आता माझं दुखणं. अक्कलकोट रोडला एका टॉवेल कारखान्यात काम होतं. हत्यारं त्यांची, मजुरी आमची. परचेसवाल्यांनी सगळ्यात कमी कोटेशनचा सेट आणला, एकाच प्लेटवर वेगवेगळ्या मापाच्या कड्या अडकवायच्या असतात ना, तसला. तो प्लायवूडसाठी. हे सांगायला गेलो तर साहेब मान वर न करता म्हणाले, "डब्यावर मेटल छापलंय ना?" लेखी दिलं तर म्हणाले स्टोअरमार्फत या. स्टोअर म्हणालं हा विषय परचेसचा. वरून काम थांबलं म्हणून ओरडा आमच्यावरच. शेवटी त्याच सेटवर भोक मारायला लावलं. कडी खाचेतून सुटली आणि पॅनेलच्या दारावर पावडर कोटिंग सोलत गेली. बिलातून पैसे कापले, कारण लिहिलं "हाताळणीतील नुकसान". ते पैसे आजवर मिळालेले नाहीत. म्हणून सांगतो, कटर स्वतःचा न्या आणि कोटेशनमध्ये त्याचा खर्च वेगळा लिहा. कुणाला पटो न पटो.

घेताना दातांच्या खाली वेल्डिंगची बारीक रेघ दिसते का बघा, तीच बायमेटलची खूण. कोबाल्टवाला मिळाला तर तोच घ्या, विशेषतः स्टेनलेससाठी. आर्बर (कटर ड्रिलला जोडणारा दांडा) दोन लागतात: ३० मिमीच्या कटरपर्यंत अर्धा इंची आटे, ३२ पासून पाऊण नव्हे, पाच अष्टमांश. मोठ्या आर्बरच्या पिना कटरच्या बुडातल्या भोकांत बसल्याशिवाय ट्रिगर दाबू नका, नाहीतर सगळा जोर आट्यांवर येतो आणि कटर असा जाम होतो की पान्यानेही सुटत नाही.

ग्लँडच्या (केबल प्लेटमध्ये घट्ट धरणारा आटेवाला तुकडा) नावावरून भोकाचं माप ठरवू नका. आट्यांवर व्हर्निअर लावा, त्याहून अर्धा मिमी जास्त धरा. पुश बटणाला २२.५. आपल्याकडे लूमच्या शेडमध्ये कापसाची धूळ कुठूनही शिरते, ढिलं भोक म्हणजे तिला आमंत्रण. कड गोल कानशीने साफ करून प्रायमर लावा. आतल्या ब्रेकरवर कापड टाका, कीस चुंबकाने उचला. आणि हो, विटांच्या भिंतीला हा कटर लावू नका, तिथे कोअर कटर.

आधीचं भोक मोठं करायचं असेल तर पायलट बिटला (कटरच्या मधोमध असलेलं बारीक ड्रिल बिट) धरायला काही नसतं. मागून लाकडाचा तुकडा क्लॅम्प करा, त्यात पायलट बसतो.

मी इंजिनिअर नाही, वायरमन आहे. पॅनेल वॉरंटीत असेल तर बनवणाऱ्याला विचारूनच हात लावा, आणि सप्लाय बंद करून टेस्टरवर न विसंबता मीटरने तपासा.

एक राहिलं. जाड सिंगल कोअर केबली असतील तर तीन फेज लोखंडी प्लेटच्या तीन वेगळ्या भोकांतून नेऊ नका, लोडवर प्लेट तापते. ॲल्युमिनियमची प्लेट मागवा. हाच कटर चालतो, स्पीड माइल्ड स्टीलच्या दीडपट ठेवा.